धुराड्याची मधली रेष

माझ्या धाकट्या बहिणीचं घर एका बंद पडलेल्या राइस मिलच्या धुराड्याला लागून आहे. तिच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात उभं राहून मान वर केली की आधी घराच्या छपरावरचे कवेलू दिसतात, मग सीताफळाच्या फांद्या आणि त्यांच्यावर नुसत्या विटा, मान दुखेपर्यंत विटा. लग्न होऊन ती तिथं गेली तेव्हाही मिल बंदच होती. धान उकडून उसना तांदूळ काढायची जुनी मिल. बॉयलर भंगारात गेला, पत्रे गेले, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा गेल्या. धुराडं तेवढं राहिलं, कारण ते उचलून नेता येत नव्हतं. गोल, खाली रुंद, वर निमुळतं होत गेलेलं. ठरावीक उंचीवर विटांचे बाहेर आलेले पट्टे आणि टोकाला फुलासारखं उमललेलं कडं. दवनीवाड्याकडून बसनं येताना गावाच्या आधी ते दिसतं. गावातले लोक त्याला कौतुकानं 'आमचा मिनार' म्हणायचे.

मी गोंदियाला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या नुकत्याच लागल्या होत्या. सकाळी भाजी निवडत असताना बहिणीचा फोन आला.

"बाई, सुट्ट्या लागल्या ना तुह्या? मंग येऊन जाय एकदा. तू गणित शिकवतं ना? हे धुराडं आमच्यावर पडते का नाई पडत, थे सांगून जाय."

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. मला वाटलं थट्टा करते आहे. पण ती हसत नव्हती.

"काय झालं?"

"काल वाऱ्याचं वावधन सुटलं होतं. दोरीवरचे कपडे काढून मी आत वळली, न मागे धप्पकन आवाज. वरची वीट. मी होती तिथंच पडली, बाई."

दुपारच्या आत मी तिच्याकडे पोचले.

घरासमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. मिल ज्यांनी बांधली त्यांचा नातू गोंदियाहून गाडी घेऊन आला होता. जागा आता त्याच्या नावावर. त्याच्याबरोबर एक ठेकेदार. ठेकेदाराचं म्हणणं सोपं होतं: बुडाशी एका बाजूनं विटा काढायच्या, दोर लावायचा आणि मिलच्या मोकळ्या जागेत पाडायचं.

"एक दिन का काम है," तो माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सांगत होता. "घर खाली कर दो, सामान भी निकाल लो. गिरेगा तो उधर ही. पर गारंटी कोई नहीं देता, भैया."

बहिणीचा नवरा मोटारपंपाचं वायंडिंग करतो. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. मी त्याची आकडसासू, बायकोची मोठी बहीण, म्हणून तो माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"याले जागा इकायची आहे, बाई. धुराडं उभं असलं तं कोनी घेत नाई. म्हनून झुकलं झुकलं करून राहिला. तुमीच पाहा. चला बांधीत."

मिलच्या पूर्वेला धानाची बांधी आहे. उन्हाळी धान कापून झालं होतं, खुंट पायाला टोचत होते. आम्ही सगळे बांधावर जाऊन उभे राहिलो. तिथून धुराडं आडव्या बाजूनं दिसतं, घर डावीकडे आणि मिलची मोकळी जागा उजवीकडे. बहिणीच्या नवऱ्यानं डावी कड दाखवली.

"ही कड पाहा. सुतात आहे का नाई?"

खरंच, घराकडची ती कड अगदी उभी होती. मालकानं लगेच उजवीकडे हात केला. "मॅडम, ही बाजू बघा ना. किती झुकलंय घराकडे. आंधळ्यालाही दिसेल."

तेही खरं होतं. उजवी कड डोळ्याला खुपेल इतकी तिरपी होती. रस्त्यावरून पाहणारे काही जण तर म्हणत होते की दोन्ही कडा सारख्या आहेत आणि धुराडं सरळ आहे. त्यांचंही चूक नव्हतं. ते कलायच्या दिशेनंच पाहत होते, आणि त्या दिशेनं पाहिलं तर कल दिसत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मात्र दोन्ही कडा पुन्हा पाहिल्या. निमुळत्या धुराड्याच्या दोन्ही कडा मुळात आत झुकलेल्या असतात, दोन्ही सारख्या. ते डावीकडे कललं तर डावी कड उभी होत जाते आणि उजवी आणखी तिरपी. बहिणीचा नवरा ज्या उभ्या कडेकडे बोट दाखवून सरळ सरळ म्हणत होता, ती कडच सांगत होती की धुराडं त्याच्या घराकडे कललेलं आहे.

मी एवढंच म्हणाले, "नुसत्या कडेवरून कळत नाही. मधली रेष काढावी लागेल."

सरपंचबाई तिथंच होत्या. म्हणाल्या, "अभियंत्याले कळवलं आहे, थे येतील तवा येतील. तोवर तुमी पाहून सांगा. गुरुवारी सभा घेतो."

मी हो म्हणाले. मालकानं खांदे उडवले. ठेकेदार हसला. आणि मी कशाला हो म्हटलं, असं मला परतताना प्रत्येक पावलाला वाटत राहिलं. वर्गात उदाहरण चुकलं तर फळा पुसता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा नसताना, आम्ही बांधावर तीन बांबूंची तिवई उभी केली. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि तिवईला टांगला. दोरा हलत होता म्हणून त्याचं वजन पाण्याच्या बादलीत सोडलं. मग तो स्थिर झाला. दोऱ्याच्या मागं आडवी लाकडी पट्टी बांधली. मी मागं एका ठरलेल्या जागी बसायची, एक डोळा मिटायची, दोरा धुराड्याच्या बुडाच्या बरोबर मध्यावर आणायची. मग वरच्या एकेका पट्ट्यापाशी डावी कड दोऱ्यापासून किती लांब आणि उजवी किती, ते पट्टीवर पाहायची. दोन्ही सारखे आले तर त्या उंचीचा मध्य दोऱ्यावरच आहे. नाही आले तर तो सरकलेला आहे. बहीण शेजारी पट्टी धरून उभी होती.

"काय येऊन राहिलं?" ती दर वेळी विचारायची.

"अजून सांगता येत नाही."

"चेहरा तं सांगून राहिला तुहा."

पहिल्या पट्ट्यापाशी मध्य जरासा डावीकडे होता. दुसऱ्यापाशी जास्त. तिसऱ्यापाशी आणखी जास्त. डावीकडे म्हणजे घराकडे. मी डोळा काढून घेतला आणि बांधावर बसून राहिले. बहिणीनं पदरानं माझ्या मानेवरचा घाम पुसला, पण काही विचारलं नाही. तिला कळलं होतं.

चौथा पट्टा पाहायची मला हिंमत होईना. तिसऱ्याला एवढं, तर टोकाला किती असेल याचा हिशोब डोक्यात आपोआप होत होता. शेवटी पाहिला. तिथला मध्य तिसऱ्याइतकाच सरकलेला होता. त्याहून जास्त नाही. मी पुन्हा पाहिलं, बहिणीला पाहायला लावलं. तेवढाच. टोकाच्या कड्यापाशीसुद्धा तेवढाच.

घरी येऊन मी ते मध्य कागदावर मांडून जोडले. रेष बुडापासून तिसऱ्या पट्ट्यापर्यंत घराकडे तिरपी जात होती आणि तिथून पुढं थेट उभी. मध्येच तिला कोपर फुटल्यासारखं दिसत होतं.

धुराडं बांधून झाल्यावर कललं असतं तर ते सगळंच कललं असतं, वरचा भागही. वरचा भाग उभा राहायला एकच वाट होती. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत बांधकाम झालं तेव्हा खालची जमीन एका बाजूला दबली, बांधणाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि तिथून वर त्यांनी ओळंबा लावून पुन्हा सरळ बांधलं. तसं असेल तर त्यानंतर धुराडं हललेलं नाही. हललं असतं तर वरचा सरळ भाग सरळ राहिला नसता. कल होता, घराकडेच होता, पण तो धुराड्याच्या जन्माइतकाच जुना होता.

मी हे बहिणीला समजावत होते तेव्हा तिच्या सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. आम्ही दोघीही त्यांना मामी म्हणतो.

"माह्या सासऱ्यानं सांगतलं होतं," मामी म्हणाल्या. "बोडी बुजवून बांधलं थे. अर्धं झालं न काम बंद. सारा पावसाळा बंद होतं. मंग वरचं बांधलं."

बोडी म्हणजे छोटं तळं. बुजवलेल्या तळ्यावरची माती दबणारच. मला एकदम हलकं वाटलं. मी बहिणीचा हात धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण संध्याकाळपर्यंत ते हलकं वाटणं उडालं. माझा दोरा डोळ्यापासून जवळ होता आणि धुराडं लांब. तिथं पोचेपर्यंत त्या दोऱ्याची जाडी चार बोटांइतकी होत होती. म्हणजे चार बोटांपर्यंतचा नवा कल मला दिसलाच नसता. आणि बुडाशी एक भेग होती. घराच्या विरुद्ध बाजूला, हाताच्या पंज्याएवढ्या उंचीपासून माणसाच्या छातीपर्यंत गेलेली. जुनी की नवी, कोणी सांगू शकत नव्हतं.

गोंदियात आमच्या घराजवळच्या जुन्या पुलाला भेगा पडल्या होत्या तेव्हा तिथल्या माणसांनी भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्याचं मी पाहिलं होतं. भेग केसभर जरी सरकली तरी काच तडकते. बहिणीच्या नवऱ्यानं फुटक्या खिडकीची काच कापून पट्ट्या केल्या, आणि आम्ही त्या भेगेवर खाली, मध्ये आणि वर चिकटवल्या. तो हे सगळं मन लावून करत होता. मात्र मी कल आहे म्हटल्यापासून माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

गुरुवारी सभा झाली. ग्रामपंचायतीसमोरच्या मंडपात गर्दी होती. मी फळ्यावर ती वाकडी रेष काढली, ती कशी आली ते सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. मग मी म्हणाले, "माझ्याकडे सांगायच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, धुराडं मुळापासून कोसळेल असं मला दिसत नाही. त्याच्या वजनाची रेष बुडाच्या आतच पडते आहे. दुसरी, टोकाच्या कड्याबद्दल मी काहीच सांगू शकत नाही. तिथला चुना धुपून गेला आहे, विटा सुट्या आहेत. वादळात त्या पडतील. कडं काढून घेईपर्यंत सांदवाडी आणि सैपाकखोली वापरू नये. जमलं तर घरच सोडावं."

ठेकेदार मागून म्हणाला, "मॅडम, नहीं गिरेगा, ये आप लिख के दोगी?"

मला समोर बहिणीचा चेहरा दिसत होता.

"देते," मी म्हणाले. "पण दोन्ही गोष्टी एकत्र. एक सोडून दुसरी वाचायची नाही."

बहिणीचा नवरा उठून उभा राहिला. "बाई, दुसरी कायले लिहिता? त्याच्यावरूनच तं हे लोक सारं पाडून राहिले!"

"कारण दुसरीही खरी आहे."

तो मंडपातून निघून गेला. सरपंचबाईंनी अभियंता येईपर्यंत पाडायचं काम थांबवलं. मालक गाडीत बसताना मला म्हणाला, "कुछ हुआ तो आप की जिम्मेदारी." नंतर मला कळलं, गावात सगळीकडे बहिणीचा नवरा सांगत फिरत होता की आमच्या बाईनं मोजलं, धुराडं पडत नाही. पुढचं तो सांगत नव्हता.

मी गोंदियाला परत जाऊ शकले नाही. दुकानाच्या खोलीत, धुराड्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात माझी गादी टाकली होती. सकाळी उठले की पहिल्यांदा चप्पल घालून काचा पाहायला जायचे. जाताना वाटेत मान वर करायची नाही असं ठरवायचे आणि दर वेळी करायचे. ढग सरकत असले की धुराडं अंगावर येतंय असं वाटतं. ते ढगांमुळे वाटतं हे मला माहीत होतं. तरी मी दर वेळी भिंतीला हात लावायचे.

एका सकाळी खालची काच तडकलेली होती.

मी तिथंच खाली बसले. मधली आणि वरची काच शाबूत होती. बहिणीचा नवरा आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "शेरडीनं धडक देल्ली असन. रात्री सुटली होती."

"दिसली का तुम्हाला?"

"सुटली होती ना. मंग तिनंच."

शेरडी खरंच सुटली होती. काचेजवळ तिच्या लेंड्याही होत्या. पण लेंड्या म्हणजे पुरावा नव्हे. भेग खालीच उघडत असेल आणि वर अजून कळली नसेल, असंही होऊ शकत होतं. मी त्याला म्हणाले, आजच्या आज सामान हलवा. तो म्हणाला, दुकान सोडून कुठं जाऊ, धंद्याचे दिवस आहेत, मोटारी दुरुस्तीला पडल्या आहेत. आमचे आवाज चढले. पहिल्यांदाच मी त्याच्याशी असं बोलत होते. बहीण मध्ये आली आणि चुलीवरचं भांडं उचलून पुढच्या पडवीत नेऊन ठेवलं. मग डबे नेले. मग पाटा. सैपाक पुढं आला. तडकलेल्या काचेच्या जागी नवी काच बसली, शेरडी गावाच्या दुसऱ्या टोकाला नणंदेकडे गेली. आपली जागा सोडायला फक्त मामी तयार नव्हत्या.

"थे माह्या लग्नाआधीपासून उभं आहे," त्या म्हणायच्या. "मले त्याचं भेव नाई लागत."

दुपारी त्या सांदवाडीतच सीताफळाखाली बसायच्या. तिथं त्यांची मोहफुलं वाळत घातलेली असायची. हलवली की पुन्हा तिथंच नेऊन पसरायच्या. रस्त्याच्या बाजूला धूळ लागते म्हणायच्या.

त्या दिवशी जेवण झालं आणि पश्चिमेकडून आभाळ पिवळं झालं. आधी वारा पडला, इतका की समोरच्या शाळेच्या आवारातला झेंड्याचा दोरही हलत नव्हता. मग खळ्यावरची माणसं पळताना दिसली. कापलेलं धान उघड्यावर होतं, ताडपत्र्या ओढायची घाई चालली होती. मी बहिणीला म्हणाले, "चल. आत्ता. शाळेत." तिनं दुकानातून नवऱ्याला ओढून काढलं. आम्ही रस्ता ओलांडून शाळेच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा पहिला झोत आला आणि डोळ्यांत धूळ गेली.

"मामी कोठी आहेत?" बहिणीनं विचारलं.

मामी आमच्याबरोबरच निघाल्या होत्या. आम्ही तिघांनीही त्यांना दारातून बाहेर पडताना पाहिलं होतं. आता त्या नव्हत्या.

"मोहफुलं!" बहीण ओरडली.

तिचा नवरा धावला. मीही रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले. पुढं पाय उचलेना. वाऱ्यानं पातळ अंगाला लपेटलं होतं, गारा टोचत होत्या. घराच्या कवेलूंवरून मला धुराड्याचं टोक दिसत होतं. कड्याचा एक तुकडा आधी नुसता हलला, खोळंबला, जणू विचार करतो आहे. मग एकदम तिथं आभाळ दिसायला लागलं. आवाज नंतर आला. कवेलू फुटल्याचा, वासा मोडल्याचा, आणि त्याच्यामागून आणखी विटा, एकामागून एक, सैपाकखोलीत.

बहीण माझ्यामागं उभी राहून नवऱ्याचं नाव घेत होती. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं.

मी धुराड्याकडे पाहत होते. बुडापासून वरपर्यंत. त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं: माझी रेष चुकली असेल तर आता हे सगळं येईल. गारांच्या पडद्यातून ते कधी पुसट व्हायचं, कधी दिसायचं. दर वेळी दिसलं तेव्हा तिथंच होतं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दुकानाच्या दारातून दोघं बाहेर आली. तो पांढरा झाला होता, चुन्याच्या धुळीनं. मामींना त्यानं जवळजवळ उचललं होतं. मधल्या खोलीच्या जाड मातीच्या भिंतीला चिकटून ती दोघं उभी राहिली होती आणि भिंतीच्या पलीकडे विटा पडत होत्या. मामींनी दोन्ही हातांनी पदराचा ओचा घट्ट धरला होता. त्यात मोहफुलं होती.

व्हरांड्यात आल्यावर तो खाली बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी म्हनलं होतं पडत नाई."

मी काही बोलायच्या आत बहीण बोलली. मोठ्यानं नाही, पण तिथं उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाईनं दोन गोष्टी सांगतल्या होत्या. तुमी एकच आयकली."

त्यानं मामींच्या केसांतली चुन्याची धूळ झटकायला घेतली.

गारा थांबल्या, पाऊस सुरू होता तेव्हा मी मिलच्या आवारातून मागं गेले. भेगेपाशी पोचून मोबाइलचा उजेड काचांवर धरला. तिन्ही काचा शाबूत होत्या. एवढ्या वाऱ्यात, एवढ्या धडाक्यात. मी एकेकीवरून बोट फिरवलं. मग भिंतीला टेकून रडले. आनंद म्हणावा तर तसंही नव्हतं ते.

पुढच्या आठवड्यात अभियंता आला. तरुण होता, नीट बोलणारा. त्यानं आपल्या दुर्बिणीच्या यंत्रातून मोजलं आणि माझा कागद मागून घेतला. त्याची रेषही तिसऱ्या पट्ट्यापाशीच वळत होती. म्हणाला, बुड मजबूत आहे, पण चुना वरून खाली धुपत येतोय, चौथा पट्टा निम्मा मोकळा झालाय. दोर लावून पाडायला त्यानं साफ नकार दिला. तिसऱ्या पट्ट्यापर्यंतचा वरचा भाग हातानं उतरवा, उरलेलं राहू द्या, असं ठरलं. मालक कुरकुरला, पण मजूर त्यानंच आणले. उतरवून होईपर्यंत बहिणीचं कुटुंब शाळेच्या एका खोलीत राहिलं.

बांबूंची परांची वर चढत गेली आणि टोपल्यांतून विटा खाली यायला लागल्या. काम तिसऱ्या पट्ट्यापाशी आलं त्या रविवारी मी मुद्दाम गेले. टोपलीतल्या विटा वरच्यांपेक्षा वेगळ्या होत्या. घराकडच्या बाजूच्या विटा पूर्ण जाडीच्या, आणि जसजसं विरुद्ध बाजूला जावं तसतशा छिन्नीनं तासून पातळ केलेल्या. एक अख्खा थर असा पाचरीसारखा. त्यावर बाहेर आलेला पट्टा बसवून जोड झाकून टाकलेला. म्हणून खालून तो कधी कोणाला दिसला नव्हता. मी एक पातळ वीट हातात घेऊन उभी राहिले. पावसाळा संपल्यावर कोणीतरी इथं वर चढलं असेल, दोरा सोडला असेल, आपण बांधलेलं वाकडं आहे हे पाहिलं असेल. मग पाडायचं की पुढं बांधायचं हे त्याला ठरवावं लागलं असेल, आणि खाली उभ्या लोकांनी त्यालाही विचारलं असेल, पडते का नाई? त्यानं काय उत्तर दिलं असेल, याचा विचार मी अजूनही करते.

बहिणीचा नवरा माझ्या शेजारी येऊन थांबला. माझ्या हातातली वीट घेऊन त्यानं उलटीपालटी करून पाहिली, दोन्ही टोकांची जाडी बोटांनी मोजली.

"म्हंजे खालचं झुकलेलंच आहे," तो म्हणाला.

"हो."

"न वरचं सरळ होतं म्हनून कोनाले दिसे नाई."

"हो."

त्यानं वीट हळूच ढिगावर ठेवली. त्या दिवशी आमच्यात एवढंच बोलणं झालं. माफी त्यानं मागितली नाही आणि मला ती नकोच होती. दिवाळीत तो बहिणीला घेऊन आमच्याकडे आला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातला बंद पडलेला मिक्सर न सांगता उघडून बसला.

गंमत अशी झाली की आता उरलेलं धुराडं सगळ्यांनाच कललेलं दिसतं. जोवर वरचा सरळ भाग होता तोवर डोळा फसत होता. तो गेला आणि खालचा वाकडा बुंधा उघडा पडला. बसमधले लोक खिडकीतून वाकून पाहतात. बहिणीला फोनवर लोक विचारतात, तुमचा मिनार झुकत चालला का? ती मला सांगते, मी तिला सांगते की आधी होता तेवढाच आहे.

"मले समजते," ती म्हणते. "पन सांगता सांगता तोंड दुखते."

सैपाकखोली नवी बांधली, या वेळी रस्त्याच्या बाजूला, घराच्या कडेला सुटी, पत्र्याच्या छपराची. मागच्या भिंतीला खिडकी ठेवायची की नाही यावरून दोघांत वाद झाला. त्याचं म्हणणं, तिकडे नुसतं ते धुराडंच दिसते, खिडकी कायले. बहीण ऐकेना. गवंडी कामाला आला त्या दिवशी तिनं स्वतः भिंतीवर कोळशानं चौकोन काढला. "मले रोज पाहाचं आहे," ती म्हणाली. खिडकी तिथंच बसली.